अडवलेली सूचना

"चपला तिकडे. आणि हात धुतल्याशिवाय आत यायचं नाही."

आवाज काचेच्या दारामागून आला. शौनकने वर पाहिलं. हिरवी टोपी, पांढरा मास्क आणि त्या दोन्हींच्या मधे दोन डोळे... थकलेले, पण समोरच्याचं काही एक ऐकून न घेणारे.

"मी पेशंटकडे नाही आलो," तो म्हणाला. "कॉम्प्युटरचं काम आहे माझं."

"कॉम्प्युटर कुठी हाय? आतच ना? मंग धुवा."

त्याने नळ सोडला, पाण्याखाली बोटं धरली आणि झटकली.

"हे काय केलं? बोटं भिजवली नुसती. साबण लावा... कोपरापर्यंत... अंगठे राह्यले."

दुसऱ्यांदा धुताना त्याला हसू यायला लागलं. तिसऱ्यांदा धुऊन त्याने दोन्ही हात वर धरले. "आता तरी पास झालो का, सिस्टर?"

"काठावर," ती म्हणाली आणि दार उघडून बाजूला झाली. तिचे डोळे किंचित बारीक झाले होते. ती हसली होती की काय— हे त्याला दिवसभर कळलं नाही.

तिचं नाव महामाया. नांदुऱ्याजवळ हायवेला लागून असलेल्या त्या हॉस्पिटलात नवजात बाळांचा वॉर्ड तिच्या ताब्यात होता. दिवस भरायच्या आधीच आलेली, तळहातावर मावतील अशी बाळं तिथे काचेच्या पेट्यांत झोपलेली असत. त्यांच्या हाताच्या शिरा दोऱ्याएवढ्या. त्यात नळी घालायची तर आधी श्वास रोखून धरावा लागे. महामायाचा हात त्यात बसलेला होता. ती मोताळ्याची. एसटीतून निवृत्त झालेल्या जानरावांची ही थोरली मुलगी नोकरीपायी हॉस्पिटलच्याच क्वार्टरमधे राहायची.

शौनक शेगावचा. शिकला पुण्यात, नोकरी पुण्यात. कंपनीला या हॉस्पिटलचं काम मिळालं तेव्हा साहेब म्हणाले, तुझंच गाव जवळ आहे, तूच जा. तो आला तेव्हा कापूस वेचणीचे दिवस होते. हायवेवरून कापसाच्या गाड्या जात आणि रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकून राहत.

पहिले पंधरा-वीस दिवस दोघांनी एकमेकांचे फक्त डोळेच पाहिले. वॉर्डात मास्क काढायचा नाही, हा तिचाच नियम. मग एका सकाळी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं, "काय सर, ओळख नाई देऊन राह्यले?"

त्याने वळून पाहिलं. सावळा, निमुळता चेहरा, नाकात बारीकशी चमकी. डोळे तेवढे ओळखीचे.

"सिस्टर... तुम्ही?"

"काऊन? कोणी दुसरी वाटली?"

"नाही, म्हणजे—" तो अडखळला. "मी वेगळा चेहरा लावून ठेवला होता तुमच्या डोळ्यांना."

"कसा?"

"जरा... कडक."

ती खळखळून हसली. हातातला चहा सांडला तरी हसतच राहिली. तो बघत राहिला, आणि आपण बघतोय हे लक्षात आल्यावर टपरीवरच्या बिस्किटांच्या बरण्या मोजू लागला.

"आता सांगा," ती बाकावर सरकून बसली. "ते तुमचं मशीन माह्या वॉर्डात नेमकं करते काय?"

"नजर ठेवतं."

"कोणावर? माह्यावर?"

"तुमच्यावर नजर ठेवायला मशीन कशाला लागतं..." तो बोलून गेला. तिने भुवया उंचावल्या. त्याने घाईने चहाचा घोट घेतला. "बाळाच्या रक्तात जंतू आहेत का, ते तपासायला तुम्ही नमुना लॅबला पाठवता ना? जंतू वाढले की लॅब कॉम्प्युटरवर नोंद करते. तोच निकाल माझा प्रोग्रॅम उचलतो. बाळ कधी दाखल झालं, नळी कधी घातली, ताप कधी आला— सगळं जुळवून पाहतो आणि सांगतो, हे इन्फेक्शन बाळ बाहेरून घेऊन आलं की इथे, हॉस्पिटलात लागलं."

"इथं लागलं असंल तर?"

"लगेच सूचना. तुमच्या फोनवर आणि मोठ्या डॉक्टरांच्या फोनवर. आत्तापर्यंत हा हिशेब महिन्याच्या शेवटी व्हायचा, हो ना? तोवर चार बाळांना लागून गेलेलं असायचं."

ती गंभीर झाली. "हाव. अन् कधी कधी हिशेबच नाई व्हायचा." मग म्हणाली, "चांगलं हाय तुमचं मशीन. पण ते बोट दाखवन ना, ते माह्या वॉर्डावरच दाखवन."

"सुरुवातीला सूचना आधी माझ्याकडे येतील. मी तपासून पुढे पाठवणार. चुकीचं बोट दाखवू देणार नाही मी."

"शब्द?"

"शब्द."

त्यानंतर सकाळचा चहा रोजचाच झाला. ठरवून कोणी येत नसे, तरी दोघं यायचेच. तो पुण्याच्या मराठीत सुरू करायचा आणि तिच्याशी बोलता बोलता शेगावच्या बोलीवर घसरायचा. तसा घसरला की ती मुद्दाम म्हणायची, "आता कसे माणसात आले!" ती बाळांबद्दल बोलायची. कोणाचं वजन वाढलं, कोणी आज पहिल्यांदा चमच्याने दूध घेतलं. बोलताना तिची बोटं नकळत तेवढ्याच हळुवार हलायची, आणि शौनकला वाटायचं, हे बोलणं कधी संपूच नये.

पहिली सूचना चुकीची निघाली. नमुना घेताना त्वचेवरचा जंतू त्यात उतरला होता, बाळ ठणठणीत होतं. पण लॅबचा निकाल निकालच होता, शौनकने ती पुढे पाठवली. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर महामायाला उभं केलं. "सिस्टर, तुमच्या वॉर्डात चाललंय काय? हात धुता की नुसत्या पाट्या लावता?"

ती बाहेर आल्यावर तिला जिन्यापाशी शौनक दिसला. तिचे डोळे भरलेले होते.

"पुढच्या वेळी जरा नीट पाहून पाठवा, सर," ती म्हणाली. "तुमच्या एका बटणानं माणूस कसं उघडं पडते, ते तुमाले नाई समजत."

दोन दिवसांनी खरं काय ते कळलं. मोठे डॉक्टर "ठीक आहे" एवढंच म्हणाले. महामाया विसरून गेली. चहावर हसलीसुद्धा. शौनक मात्र तिचे ते भरलेले डोळे विसरला नाही.

आणि मग एका दुपारी त्याच्या पडद्यावर दुसरी सूचना आली. मोताळ्याकडची एक तान्ही मुलगी, आठवड्यापूर्वी दाखल झालेली. रक्तात क्लेब्सिएला. हा त्वचेवरचा साधा जंतू नव्हता. हॉस्पिटलात राहणारा, औषधांना न जुमानणारा. 'इथे लागलेलं इन्फेक्शन', प्रोग्रॅमने स्वच्छ लिहिलं होतं.

शौनकचं बोट बटणापर्यंत गेलं.

पुन्हा ती मीटिंग. पुन्हा तिला सगळ्यांसमोर उभं करणार. त्या मुलीवर उपचार तर सुरूच आहेत, निकाल डॉक्टरांच्या फाइलला लागेलच... एक दिवस थांबू. दुसरा नमुना येऊ दे. पक्कं झालं की पाठवू. नीट पाहून पाठवा, असं तीच म्हणाली होती ना.

त्याने पडदा बंद केला.

त्या संध्याकाळी ती टपरीवर आली तेव्हा फार खुशीत होती. सोनाळ्याच्या पायलचं बाळ, जन्मापासून श्वासासाठी झगडणारं, आज यंत्राशिवाय श्वास घेत होतं. "उद्या त्याले आईच्या छातीशी देणार," ती म्हणाली. "पायल तर रडूनच राह्यली. अठरा-एकोणीस वर्षाची पोरगी... पोराचं नाव अजून ठेवलं नाई, म्हणते, घरी नेल्यावर ठेवू." मग तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुमी काऊन चूप हाय आज?"

"काही नाही. असंच."

"माह्या वॉर्डाचं काही...?"

"नाही," तो म्हणाला.

ती निर्धास्त होऊन उठली. जाता जाता तिने त्याच्या बाहीला चिकटलेला कापसाचा पुंजका अलगद काढला आणि फुंकर मारून उडवला. त्या एका क्षणात त्याला वाटलं, आपण केलं ते बरोबरच केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पायलच्या बाळाचं अंग गार पडायला लागलं. दूध पचेना. संध्याकाळी त्याचाही नमुना लॅबला गेला. ते ऐकलं आणि शौनक कॉम्प्युटरकडे धावला. त्याने अडवलेली सूचना तत्क्षणी पाठवली.

महामायाच्या फोनवर ती आली. तिने वाचली, आणि एखाद्या घरात आग लागल्यासारखी ती वॉर्डात फिरली. नळ, पेट्या, दुधाच्या वाट्या, श्वासाच्या यंत्रातलं पाणी... आणि मग औषधांच्या टेबलापाशी ती थांबली. तिथे सलाइनची मोठी बाटली होती, तोंडाला सुई खोचून ठेवलेली. बाळांच्या नळ्या धुवायला छोट्या कुप्या वापरायच्या असतात, एका बाळाला एक. त्या संपल्या होत्या. पुरवठा येत नव्हता. त्यांच्याऐवजी ही बाटली दिवसभर सगळ्यांना वापरली जात होती. महामायाला ते माहीत होतं. दोन-चार दिवसांचाच प्रश्न हाय, असं म्हणून तिनेच ते चालवून घेतलं होतं.

तिने ती बाटली काढून तपासणीला पाठवली. वॉर्डात नवीन बाळ घ्यायचं थांबवलं. बाकीच्या सगळ्या बाळांच्या नळ्या बदलल्या, नमुने घेतले, आणखी एका मुलाला वेळीच औषध सुरू झालं.

मोताळ्याकडची ती तान्ही मुलगी सावरली. पायलचं बाळ पहाट उजाडल्यावर गेलं. लॅबने नंतर सांगितलं, बाटलीत तोच जंतू होता.

शौनक तिला हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला भेटला. ती भिंतीला टेकून उन्हात उभी होती. मास्क हनुवटीवर ओढलेला.

"मला तुम्हाला काही सांगायचंय," तो म्हणाला.

"आता नको."

"आत्ताच सांगायला हवं. ती सूचना... एक दिवस आधीच आली होती. मी अडवून ठेवली."

तिने मान वळवली. तिला ते लगेच समजलंच नसावं.

"काऊन?"

"तुम्हाला पुन्हा बोलणी बसतील म्हणून."

ती भिंतीपासून सरळ झाली. "म्हणजे तवा... चहा पिताना... तुमाले माहीत होतं?"

"हो."

"मी विचारलं होतं तुमाले."

"हो."

"त्या चहानंतर जाऊन त्याच बाटलीतून त्याची नळी धुतली मी." तिचा आवाज अगदी खाली गेला. "याच हातानं. तवाच समजलं असतं तर ती बाटली मी फेकली असती, शौनक."

पहिल्यांदाच तिने त्याला नावाने हाक मारली होती.

"माही काळजी करायले तुमाले कोणी सांगतलं होतं?" ती म्हणाली. "त्या लेकरायची काळजी करायले आणलं होतं ना ते मशीन?"

ती निघून गेली. सकाळचा चहा बंद झाला.

त्याच दिवशी शौनकने प्रोग्रॅममधून स्वतःला काढून टाकलं. आता निकाल आला की सूचना थेट जायची. मधे कोणी माणूस नाही. मग तो मोठ्या डॉक्टरांकडे गेला आणि घडलं ते सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कुप्यांची मागणी त्यांच्याच टेबलावर पडून होती. "झालं ते झालं," ते म्हणाले. "मूल मुळातच नाजूक होतं. घरच्यांना आता हे सांगून काय साधणार? त्यांचंही दुःख वाढेल, आपलाही त्रास वाढेल."

दाराशी महामाया उभी होती. तिने ते ऐकलं होतं.

"मी सांगणार, सर," ती म्हणाली. "वॉर्ड माहा हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसस्टँडवर आली तेव्हा शौनक आधीच तिथे उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, पण परत जा असं म्हणाली नाही. सोनाळ्यापर्यंत दोघं वेगवेगळ्या सीटवर बसले. खिडकीबाहेर कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, वेचून रिकाम्या झालेल्या.

पायलच्या घरी तिची सासू केसरबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने सिस्टरला ओळखलं, खाट टाकली. पायल दाराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. तिच्या चोळीवर दुधाचे ओले डाग होते. महामायाने ते पाहिले. तरी ती बोलली. बाटलीबद्दल सांगितलं. आपल्याला माहीत होतं, हेही सांगितलं. ती थांबली, मग शौनक बोलला. काही गाळलं नाही. फक्त, कोणासाठी अडवली, ते सांगताना त्याने महामायाचं नाव घेतलं नाही.

"माह्यासाठी अडवली होती त्यायनं," महामाया म्हणाली. "मले बोलणं खावं लागू नये म्हणून."

केसरबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"एक दिवस आधी समजलं असतं..." पायलने शौनककडे पाहत विचारलं, "तर वाचला असता का तो?"

तो काहीही म्हणू शकला असता. नाही म्हणाला असता तर तिला हलकं वाटलं असतं, कदाचित त्यालाही.

"माहीत नाही, ताई," तो म्हणाला. "वाचला असता, असं होऊ शकतं. ते मला कधीच कळणार नाही."

पायल उठून आत गेली. केसरबाई म्हणाली, "कोणी येत नाई असं सांगायले." मग म्हणाली, "पण आता जा तुमी दोघं. माह्या घरात आज तुमाले पाहवत नाई."

दोघं निघाले. गावाबाहेरच्या थांब्यावर गाडीची वाट पाहत उभं असताना महामाया एकदम खाली बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडली. शौनक तिच्याजवळ, हातभर अंतरावर, मातीतच बसला. तिला हात लावायचा आपल्याला हक्क नाही, असं त्याला वाटत होतं. गाडी आली तेव्हा ती उठली, आणि या वेळी त्याच्या शेजारच्या सीटवर बसली.

पुढे पायलच्या नवऱ्याने तक्रार केली. चौकशी झाली, दोघांचे जबाब झाले. जे सोनाळ्यात सांगितलं होतं तेच दोघांनी चौकशीत सांगितलं. मोठ्या डॉक्टरांची बदली झाली. महामायाला लेखी ताकीद मिळाली, पण वॉर्ड तिच्याकडेच राहिला. छोट्या कुप्या आता वेळेवर येऊ लागल्या. सूचना आली की ती न घाबरता स्वतःच घरच्यांपाशी जाऊन बसायची आणि सांगायची, हे इन्फेक्शन इथलं हाय, आमी हे हे करून राह्यलो.

चौकशीच्या फेऱ्यांत दोघांचं बोलणं हळूहळू पुन्हा सुरू झालं होतं. शौनकचं काम उन्हाळ्यात संपलं. जायच्या आधी तो वॉर्डाच्या दाराशी आला. "पुण्याहून बोलावणं आलंय," तो म्हणाला. "सोमवारी जातोय."

ती काचेआड उभी होती. "रविवारी मोताळ्याले या," ती म्हणाली. "माह्या बाबानं बोलावलं."

मोताळ्याच्या त्या घरात जानरावांनी त्याला समोर बसवलं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्याखाली पाण्याचा तांब्या. "पोरीनं मले सगळं सांगतलं," जानराव म्हणाले. "आता तुमी सांगा."

शौनकने सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर जानरावांनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. "खरं बोलले तुमी," ते म्हणाले, "पण उशिरा बोलले."

"हो."

"तुमच्या घरी माहीत हाय? आमी कोण, हे?"

"सांगितलंय. आई अजून माझ्याशी बोलत नाही. बाबा म्हणाले, एकदा घेऊन ये तिला."

"हं," जानराव उठले. "जेवून जा. गाडीले टाइम हाय."

जेवण झाल्यावर महामाया त्याला पोचवायला रस्त्यापर्यंत आली. ऊन उतरलं होतं. आठवडी बाजारातून माणसं परतत होती. दोघं एका निंबाच्या सावलीत उभे राहिले.

"मी तुमाले माफ केलं, असं नाई," ती म्हणाली. "माफ करणारी मी कोण? ते पायलच्या हातात हाय, अन् तिनं नाई केलं. मलेही नाई केलं." तिचा पदर वाऱ्याने उडाला, तो तिने मुठीत धरला. "पण त्या दिवशी तिनं विचारलं तवा तुमी खोटं बोलू शकत होते. मी पाहत होती तुमच्या तोंडाकडे. मले वाटलं, आता बोलन... आता बोलन..."

"वाटलं होतं. बोलावंसं."

"माहीत हाय." तिचे डोळे भरून आले, पण तिने ते लपवले नाहीत. "हे ओझं जन्मभर राहणार हाय, शौनक. दुसऱ्या कोणापाशी मी ते काय म्हणून उघडू? तुमच्यापाशी उघडावंच लागत नाई..."

दुरून शेगावची गाडी येताना दिसली. धुळीत तिचा लाल रंग हलत होता.

"मी उद्या पुण्याला नाही जात," तो शेवटी म्हणाला. "इथेच काम शोधतो. तुझ्याजवळ. चालेल?"

त्या 'तुझ्या'वर ती दचकली. मग हळूच पुढे झाली आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला— भर रस्त्यात, बाजारातून परतणाऱ्या सगळ्या मोताळ्यासमोर. गाडी थांबली. कंडक्टरने दोनदा घंटी दिली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "मागून दुसरी हाय."